निपाणीच्या चंचीस पडलेला वेढा

शके १९०८, क्षयनाम संवत्सरी निपाणी मुक्कामी जे वर्तले ते यथास्थित लिहितो. पदरचे अक्षर घालीत नाही, कारण अंबुबाईसाहेबांचा धाक आहे.

राजश्री भावकूआप्पा हे तंबाखूच्या वखारीतले प्रतवारीचे नामजाद सरदार. पान हातावर मळून ते कोणत्या रानचे हे सांगावे, ऐसा लौकिक. आषाढात त्यांचे उरावर गनीम चालून आला, म्हणजे हृदयविकाराचा झटका आला. दोरी बळकट म्हणोन वाचले. मग बेळगावी टिळकवाडीच्या डॉक्टरसाहेबांनी रक्ताची गाठ धरू नये याजकरिता अॅस्पिरिनची गोळी नेमिली आणि हुकूम फर्मावला की, रोज एक घेणे, विसरू नये, आणि तंबाखू आजपासून बंद. आप्पांनी मान डोलावून अर्धा हुकूम मानिला.

कार्तिकात छातीत पुन्हा कळ उठली. मग त्यांचे कुटुंब अंबुबाईसाहेब यांनी पदर खोचला आणि शेजारी भरमू यास कुमकेस घेऊन बेळगावावर कूच केले. डॉक्टरसाहेबांनी आप्पांचे कानाच्या पाळीस सुई टोचली आणि टिपकागद लावीत घड्याळ पाहिले, तो रक्त अडीच मिनिटांत थांबले. गोळी घेणाराचे इतके लवकर थांबू नये. साहेब चिंतेने वदले की, ही गोळी सर्वांस सारखी लागू पडत नाही, कित्येकांचे रक्त तीस जुमानीत नाही, आप्पा त्यांतलेच दिसतात, पुढला झटका टळेल ऐसा भरवसा देववत नाही. बाईसाहेबांनी पिशवीचा बंद इतका आवळला की तुटला.

मग ताडून पाहण्यास गोळी न घेणारा भरमू मोठ्या शौर्याने कान पुढे करून बसला. त्याचे रक्त नऊ मिनिटे थांबेना. साहेबांनी घड्याळ हलवून पाहिले आणि भरमूची जबानी घेतली. तो म्हणाला की, गोळी ठाऊक नाही. सांजेस आप्पांच्या चंचीतली चिमूट घेतो, हल्ली आंबट लागते, आणि थुंकणे बरे दिसत नाही म्हणोन रस गिळतो.

तत्काळ चंचीची झडती झाली. आत तंबाखू, चुना आणि गोळ्यांचा चुरा. आप्पांनी कबूल केले की, विसर न पडावा म्हणोन गोळ्या चंचीत ठेविल्या; हातावर मळल्यावाचून काही अंगी लागते यावर विश्वास नाही, सबब तंबाखूत मळून दाढेखाली धरिल्या आणि थुंकलो; आणि चंची उघडून समोरच्यास न देणे हा निपाणीचा रिवाज नव्हे.

बाईसाहेब हळू बोलल्या, "आवं, सगळ्या गल्लीला वाटलासा. मला काय ठेवनार हुतासा, पांढरं कपाळ?"

आप्पांनी कमरेची चंची सोडून त्यांचे हाती दिली. चाळीस वर्षे तो किल्ला कोणास सर झाला नव्हता.

मग बाईसाहेब रोज जातीनिशी गोळी जिभेवर ठेवीत, पाणी पाजीत आणि तोंड उघडावयास लावून पाहत. महिन्याने कान पुन्हा टोचला, तो रक्त साडेआठ मिनिटे वाहिले, आणि बाईसाहेब मिनिटागणिक हसत होत्या.

भरमू अद्याप सांजेस येतो. आप्पा रिवाजाप्रमाणे चंची उघडतात, आत बडीशेप असते. येणेप्रमाणे तंबाखू गेली, आप्पा राहिले. फत्ते रुजू असे.