मोजणी बाकी

वाचताय ना? मग जरा जवळ सरका. तुम्हा लोकांचं एक मला मुळीच पटत नाही. भर बाजारातून जाता, पण मान वर करून एक पाटी धड वाचत नाही. कोणी हौसेनं नाव रंगवून घेतलेलं असतं, आणि तुम्ही खालून तसेच निघून जाता! आमच्या गावाला चांदाच म्हणायचे तेव्हाची गोष्ट. तिथं एक माणूस होता, तो एकूणएक पाटी वाचायचा. नुसता वाचायचा नाही, मोजायचासुद्धा.

नाव मारोतराव. नगरपालिकेत पाट्या तपासायची नोकरी. हातात बांबूचा गज, त्यावर विळ्यानं पाडलेल्या खुणा. म्हणून सारा बाजार त्यांना गजभाऊ म्हणे. चालताना नजर कायम वर, पाट्यांकडे. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी पाय नालीत जायचाच. आणि सगळी भांडणंही त्या नालीवरूनच. नवा नियम निघाला होता, दुकानाची पाटी नालीच्या वर वीतभर आलेली चालेल, त्यापुढं रस्ता सरकारचा.

"वीत म्हणजे वीत जी! वर बोटभर बी नाई!" हे त्यांचं पालुपद.

आमच्या शेजारचा हलवाई आडदांड. आपला पंजा पसरून म्हणाला, "माया वितीनं मोजा ना, भाऊ."

"सरकारच्या वितीनं मोजीन."

"सरकारले हात कुठी हाय?"

"हा काय!" म्हणत गजभाऊंनी गज वर केला.

हलवायाची पाटी चार बोटं जास्त भरली. त्यानं रागारागात रस्त्याकडची कड करवतीनं कापली, त्यात 'शुद्ध' हा शब्दच गेला. राहिली 'तुपाची मिठाई'. बाजारात म्हणत, गजभाऊंमुळे पाटी निदान खरं बोलायला लागली.

स्वतःलाही सोडलं नाही हो त्यांनी. घराला गिलावा केला, तशी दारावरची नावाची फळी दोन बोटं पुढं आली. गजभाऊंनी मारोतरावांना नोटीस काढली. मारोतरावांनी सही करून ती घेतली, उत्तरात माफी मागितली, आणि गजभाऊंनी समज देऊन सोडलं. सगळं एकट्यानं, ओसरीत बसून. घरात दुसरं होतं तरी कोण?

आता माझ्या पाटीचं सांगते. आमचं गॅसबत्त्या दुरुस्तीचं दुकान. जंगलातल्या ठेकेदारांच्या बत्त्या यायच्या, लग्नाच्या वरातींच्या यायच्या. मालक तापानं गेले आणि मी त्यांच्या जागेवर बसले. बत्तीचं काम हाताला येत होतं. अक्षर मात्र येत नव्हतं. दारावर टिनाची निळी पाटी होती, रहीमभाई पेंटरनं रंगवलेली. वर मालकांचं नाव, खाली 'बत्तीवाले'. गिऱ्हाईक नसलं की मी कोळशानं फरशीवर ती अक्षरं गिरवायची. तीच माझी शाळा. त्यांचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नव्हतं, आमच्यात घेत नाहीत. पाटी होती म्हणून दिवसातून दहादा डोळ्यांनी घ्यायची.

एक दिवस गजभाऊ आले. वही काढली.

"नाव कोनाचं हाय हे, बाई?"

"मालकाचं."

"मालक कुठी हायेत?"

मी हातातली बत्ती पुसत राहिले. त्यांनी माझ्या कपाळाकडं पाहिलं, वही मिटली आणि म्हणाले, "आज ऊन तिरपं हाय. मोजणी बाकी."

पुढच्या महिन्यात म्हणाले, "टिन तापलं. तापलेलं टिन फुगते, माप खोटं येते. मोजणी बाकी." त्याच्या पुढच्या महिन्यात पाटीवर एक वानर बसलं होतं. "त्याले उठवून काऊन पाप घ्या? मोजणी बाकी." अख्ख्या बाजाराची मोजणी एका हप्त्यात उरकणारा माणूस माझ्या दारापाशी आला की त्याला काहीतरी नडायचंच. अशी पाच वर्षं! यायचं, मान वर करून उभं राहायचं, वहीत लिहायचं आणि जायचं.

बाजाराला डोळे असतात. बायका कुजबुजायला लागल्या, "गजभाऊचं मोजनं काही सरून नाई राह्यलं." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "भाऊ, विधवा बाईले काऊन छळता? मोजून टाका ना एकदाचं!"

ते नुसते खाली बघत राहिले. त्यांना खाली बघताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आणि मग मी शहाणी, पदर खोचून नगरपालिकेत गेले आणि तक्रार देऊन आले.

आठव्या दिवशी मोठे साहेब स्वतः आले, कापडी फीत घेऊन. फितीचं एक टोक साहेबांनी धरलं, दुसरं गजभाऊंनी. दोन मिनिटांत मोजणी झाली. पाटी मापात होती हो! वीतभरही नव्हती! मी मनात म्हटलं, बघा, उगाच छळलं. तेवढ्यात साहेबांनी वही उघडली.

"पाटी मापात आहे. पण नाव मयताचं आहे. मोजणी झाली की नाव परवान्याशी जुळलं पाहिजे. ही उतरवा, बाई, आणि स्वतःच्या नावाची लावा."

मग गजभाऊंकडे वळून म्हणाले, "पाच वर्षं हे तुम्हाला दिसलं नाही?"

खोटं गजभाऊंनी कधी लिहिलं नव्हतं. फक्त पुरं लिहिलं नव्हतं. माझ्या मालकाचं नाव मीच उतरवून घेतलं होतं.

दोन महिने ते फिरकले नाहीत. मग एका दुपारी आले. दारावरच्या माझ्या नव्या पाटीकडं त्यांनी पाहिलंही नाही.

"जुनी कुठी हाय?"

मी आत नेलं. चुलीवरच्या भिंतीला टांगली होती. घरात सरकारची वीत चालत नाही.

"सांगितलं काऊन नाई, भाऊ?"

"कायदा मोडाले मी कसा सांगू?" मग पाटीकडं बघत म्हणाले, "माई बायको गेली तवा घरात तिचा फोटो नव्हता. तिचं नाव कुठीच लिवलं नव्हतं बाई, भांड्यावर बी नाई. ज्याचं लिवलं हाय, ते खोडाले मी कसा सांगू?"

त्यांनी गज पाटीला लावला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वहीत नाही, हवेतच बोट फिरवून म्हणाले, "मोजणी झाली." आणि माझ्या मालकांचं नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं. त्या घरात सात वर्षांनी ते नाव ऐकू आलं.

मला चुलीचा धूर लागला. डोळे पुसून मी विचारलं, "वैनीचं नाव काय होतं?"

त्यांनाही ते तोंडानं घेता येईना. खाली वाकून गजाच्या टोकानं राखेत लिहिलं. मी पाटीवर शिकलेल्या अक्षरांनी जुळवून जुळवून वाचलं, "भागरथा."

"अजून एक डाव वाचा जी," ते म्हणाले.

गजभाऊ जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांचा गज माझ्याकडं आहे, पाटीच्या शेजारी टांगलेला. पाटी तिथंच आहे, निळा रंग थोडा उडाला आहे एवढंच. नाव मात्र मी अजून तोंडानं घेत नाही, आणि बघा, इतकं सगळं लिहिलं, पण कागदावरही उतरवलं नाही. हात धजत नाही. म्हणून म्हणते, या एकदा घरी. जटपुरा दरवाजाच्या आत कोणालाही बत्तीवाल्या बाई विचारा. चहा ठेवते. पण लवकर या. आणि आल्याबरोबर वर मान करून ती पाटी वाचा, मोठ्यानं, मला ऐकू येईल असं.