खांबेट्यांचा तारा आणि आमचा स्पीकर

खांबेट्यांना वेळ विचारू नये. नव्वदच्या आसपास आम्ही पनवेलला राहायला आलो, तेव्हा पहिल्याच सकाळी मी या वरच्या शेजाऱ्यांना जिन्यात विचारली होती. शर्टाची बाही वर सरकवत त्यांनी मलाच विचारलं, "कुठली? इथली, की सूर्यावरची?"

मला वाटलं, नव्या भाडेकरूची थट्टा चाललीय. पण गृहस्थ गंभीर होते. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत ते ताऱ्यांचे ठोके मोजत. काही तारे म्हणे स्वतःभोवती गरगर फिरतात आणि दर फेरीला त्यांच्या एक्स-रेचा झोत आपल्यावरून जातो. पृथ्वी कधी ताऱ्याच्या जवळ, कधी लांब, म्हणून ठोका आठ-आठ मिनिटं पुढेमागे होतो. तेव्हा मोजमाप सूर्यावर उभं राहून करायचं. "अंदाजे असं काही नसतं हो," हे त्यांचं पालुपद.

आमच्या बिल्डिंगला पाणी मात्र अंदाजेच येई. खांबेटे वही घेऊन पंपापाशी उभे. वॉचमन म्हात्रे म्हणे, "पानी येल तवा येल, साएब. त्याला टायम नाय." खांबेटे शांतपणे लिहीत, सहा वाजून अकरा मिनिटं चाळीस सेकंद. लग्नाला किती वर्षं झाली विचारलं, तर वर्षं, महिने, दिवस सांगून वर म्हणत, "मुहूर्त चार मिनिटं हुकला, ती वजा केलीत." वहिनी म्हणत, "भटजींना अंतरपाटाआडून घड्याळ दाखवत होते."

एक तारा त्यांचा खास लाडका. सात सेकंदांनी एक ठोका आणि अंगात अचाट चुंबक. एक्स-रे हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून दुर्बीण उपग्रहावर. उपग्रह परदेशी. त्याने आपल्या ताऱ्याकडे पाहावं म्हणून खांबेटे दोन वर्षं अर्ज करत होते. शेवटी एक दुपार मिळाली. त्या दुपारची नोंद टेपवर भरून टपालाने येणार होती. ऑफिसात पार्सल महिनाभर पडून राहतं, म्हणून त्यांनी पत्ता घरचा दिला.

पार्सल आलं तेव्हा खांबेटे मंडळी लग्नाला पेणला गेलेली. पोस्टमनने ते माझ्याकडे दिलं. मी जबाबदार माणूस. पोरांचा हात लागू नये, पाणी सांडू नये, म्हणून कपाटावर ठेवलं. तिथे आमच्या गणपती मंडळाचा मोठा स्पीकर, दुरुस्तीसाठी खोक्यातून काढलेला, पालथा पडला होता. त्याच्या पाठीवरचं चुंबक पाटासारखं सपाट. पार्सल त्यावर बेतल्यासारखं बसलं. चांगलं तीन दिवस बसलं.

खांबेटे आले, त्यांनी पार्सल उचललं आणि खालचा स्पीकर पाहिला.

"अहो, टेपला चुंबक चालत नाही ना?" आमच्या हिने मला विचारलं. शाळेत विज्ञानात हिला पासष्ट मार्क होते, मला पस्तीस. तो फरक मला त्या क्षणी कळला.

"बघू," म्हणत खांबेटे पार्सल छातीशी धरून वर गेले.

चार दिवस मला घास गोड लागेना. पाचव्या दिवशी ते आपण होऊन आले, हातात आलेखाचा कागद. "वाचली हो टेप. हे बघा ठोके." एकापुढे एक सुबक शिखरं. हिने शिरा केला. मी तो कागद मंडळात सगळ्यांना दाखवून आलो आणि घरी जपून ठेवला.

चार महिन्यांनी पोस्टमनने पुन्हा एक पार्सल माझ्या हाती दिलं. खांबेटे घरी होते, पण पोस्टमनला दोन जिने चढायचा कंटाळा. पार्सलवर इंग्रजीत टाईप केलेली चिठ्ठी होती. टेपची दुसरी प्रत पाठवत आहोत, पहिली पूर्ण कोरी निघाल्याचं आपलं पत्र मिळालं.

मी घरात जाऊन तो आलेख काढला, उजेडात धरला. शाईखाली पेन्सिलीच्या खुणा होत्या. शिखरं पट्टीने आखलेली, सगळी एका उंचीची.

मग वर गेलो. पार्सल दोन्ही हातांनी पुढे केलं. चिठ्ठी वरच होती. खांबेट्यांनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं.

"खांबेटे, ती पहिली टेप..."

"बरी होती हो तीही," ते म्हणाले. "जरा पुसट होती, इतकंच."