सोपान सरांचे बाण

घरात साप निघाला म्हणून सांगा, आमचे सोपान सर आधी विचारतील, "बाण कुठून कुठं?" म्हणजे साप मोरीतून सैपाकघरात चाललाय, का सैपाकघरातून मोरीत! एकदा खरंच निघाला होता. वहिनी खाटेवर उभ्या राहून बोंबलायल्या आणि हा बाबा कॉम्प्युटरपुढं बसून टाइप करायलाय.

गंगाखेडला आमची घरं भिंतीला भिंत लागून, शाळाही एकच. त्यामुळं सुटका नाही. त्यांच्या हाती कुठूनसं एक सॉफ्टवेअर लागलंय. आपण नुसतं लिहायचं, दुधाचा बाण पातेल्याकडं, पातेल्याचा चुलीकडं. चौकटी, रेघा, सगळी आकृती ते आपोआप काढून देतं. "फुकट हाय सर! वर आतून उघडून बघा, बदला, कुणाची ना न्हाई," असं सांगताना सर नव्या जावयाच्या तोऱ्यात असतात.

स्टाफरूममध्ये त्यांनी चहाची आकृती चिकटवली. 'चाखून बघा'चा बाण 'साखर टाका'कडं, तिथला बाण परत 'चाखून बघा'कडं. बाहेर पडायला बाणच ठेवला नाही! आमचे शिपाई मामा हुकमाचे पक्के. डबा रिकामा होईस्तोवर थांबले नाहीत. त्या दिवशी आम्ही चहा प्यालो का पाक, देव जाणे.

असा हा बोलघेवडा माणूस, पण ताडकळसच्या अक्काचं नाव काढलं की गप. अक्का म्हणजे थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच यांना कडेवर घेऊन वाढवलं. तिच्या पोराच्या लग्नाची पत्रिका मोबाइलवर आली आणि सर रुसले. "घरी येऊन अक्षता द्यायला काय झालं होतं?" आता बोला! उठता-बसता कॉम्प्युटर करणाऱ्या माणसाला पत्रिका मात्र हातात पाहिजे. लग्नाला गेलेच नाहीत. अक्काही हट्टाची, तिनंही बोलणं टाकलं. किती वर्षं मातीत घातली दोघांनी, मला अजून राग येतो.

"जा की एकदा," मी म्हणायचो.

"जायलोय सर. आकृती तेवढी पुरी होऊ द्या."

जायची आकृती! अक्कानं दार उघडलं तर काय बोलायचं, नाही उघडलं तर कुठं थांबायचं, शिव्या घातल्या तर, रडली तर. दर सुट्टीत चौकटी वाढायच्या. कागदाला कागद चिकटवून भिंत भरली, पण सर काही ताडकळसच्या गाडीत बसले नाहीत.

परवा सरांना भाच्याचा फोन आला, आईला बघून जा म्हणून. मी सरळ मोटारसायकल काढली आणि सरांना मागं बसवलं. वाटभर ते माझ्या कानाशी पुटपुटत होते, "आधी पाया पडतो, मग चुकलो म्हणतो."

अक्का ओसरीवर बसली होती. सर वाकले. "अक्का, चुकलो गं मी."

तिनं निरखून बघितलं आणि हसली. "असू द्या, असू द्या. कुठल्या गावचे म्हणायचे तुमी?"

भाचा हळूच म्हणाला, "लय दिवस झाले मामा, कुणालाच वळखत न्हाई ती."

या उत्तराची तयारी सरांनी केलीच नव्हती. कसंबसं म्हणाले, "गंगाखेडचा."

"अगं बाई! माझा भाऊ हाय की तिथं. मास्तर हाय, लय हुशार!" अक्काचा चेहरा उजळला. सुनेला हाक मारून तिनं ताट वाढायला लावलं. सर पाहुण्यासारखे पाटावर बसले आणि नुसतीच भाकरी मोडत राहिले. मला तिथं उभं राहवेना, मी खांबाकडं तोंड केलं.

"जेवा पोटभर," अक्का म्हणत होती. "आन् परत गेल्यावर माझ्या भावाला एवढा निरोप द्या. म्हणावं, अक्काचा राग केव्हाच गेला. ये आता."

सरांनी मान वर केली नाही.

"सांगतो," म्हणाले.