मऊ जागेचा नमुना

१९९९ सालच्या मार्च महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील एका कातळावरच्या वाडीत श्रीमती हाजरा नझीर मुकादम यांच्या विहिरीचे पाणी पिवळे झाले. शेजारच्या रंगाच्या कारखान्याचा सांडपाण्याचा चर विहिरीपासून वीस पावलांवर होता. पण पाऊल हे शासनमान्य माप नसल्याने ते कुठेही नोंदले गेले नाही. हाजराने तीन अर्ज केले. चौथ्याच्या आतच मृदा नमुना अधिकारी श्री. दाबके पुण्याहून हजर झाले. एवढी तत्परता आम्ही तरी पाहिली नव्हती.

"पाणी माझ्या अखत्यारीत नाही," ते म्हणाले. "पण माती दूषित निघाली, तर चर बंद आणि तुमची विहीर सरकारी खर्चाने साफ."

हाजराचा जीव भांड्यात पडला. तिने साहेबांना शहाळे दिले.

साहेबांबरोबर शिपाई रामजी आणि एक हातगिरमिट होते. नियमपुस्तिकेप्रमाणे नमुना गिरमिटानेच, तीन फूट खोलीवरून काढायचा. रामजीने चराकाठी गिरमिट लावले. अर्ध्या तासात रामजीला घाम आला आणि जांभ्याला ओरखडा.

"सायेब, ह्यो कातळ हाय. बोअरिंगची गाडी मागवूया."

"गाडीने दगडाचा भुगा येईल. दगड भूगर्भ खात्याकडे, आपण मातीचे. जिथे गिरमिट जाते, तीच माती. परिपत्रक सात."

गिरमिट दिवसभर वाडीत हिंडले. उन्हे उतरताना एका जागी ते लोण्यात जावे तसे आत गेले. हाजराच्या नव्या आंब्याच्या कलमाचा तो खड्डा होता. कातळात सुरुंग लावून फोडलेला, बाहेरच्या मातीने भरलेला.

हाजरा धावत आली. "सायेब, ती माती इथली नाय! आमच्या घरच्यांनी गेल्या आठवड्यात केळशीवरनं ट्रकनं आणली. अजून धड पाणीपन प्याली नाय ती!"

"बाई, मातीचा रहिवासी दाखला आहे?"

दाखला नव्हता. सात कलमांच्या सात खड्ड्यांतून सात नमुने निघाले.

अहवाल आला. माती उत्कृष्ट. ज्याअर्थी मातीत दोष नाही, त्याअर्थी विहीर स्वतःच्या जबाबदारीवर बिघडली असून तिच्यापासून सदर उत्कृष्ट मातीस धोका संभवतो. पंधरा दिवसांत विहीर बुजवण्यात आली. भरावासाठी कारखान्याने चरातला गाळ मोफत दिला आणि त्याबद्दल त्याचा सत्कार झाला.

हाजरा भरावाशेजारी बसून रडली. मग उठून सत्काराला आलेल्या साहेबांकडे गेली. "आता आमी पियाचं काय? नि कलमांना काय घालू?"

"पिण्याचा अर्ज वेगळा. कलमांना चराचे पाणी घाला. इतक्या उत्कृष्ट मातीशेजारचे पाणी वाईट असेलच कसे?"

दुसरे पाणी नव्हतेच. पिण्यापुरते ती डोंगरापलीकडून डोक्यावर आणू लागली. कलमे चरावर वाढली. सहा वर्षांनी फळली. पेट्यांवर शिक्का बसला : 'शासकीय परीक्षणात माती उत्कृष्ट'. हाजराने नवऱ्याला बजावले, "पोरांच्या तोंडाला लावू नका. सगळा मुंबैला धाडा."

तिच्यावर रागावू नका. तिने सांगायचे ते वेळेवर आणि ओरडून सांगितले होते. पेटी तुमच्या घरी आली, तेव्हा तुम्ही आंबा हुंगलात, देठापाशी दाबून पाहिलात आणि मोठ्या चौकसपणे एकच प्रश्न विचारलात, "देवगड की रत्नागिरी?"