शंभर टक्के मरतूक

"जावईबापू, जरा हिच्याकडं बघा बरं," असं म्हणत कुसाबाईंनी तांबडी कोंबडी थेट धनराजच्या मांडीवर आणून ठेवली, तेव्हा त्याच्या हातात पोह्यांची बशी होती. तोंडातला घास त्याने न चावताच गिळला. जिवंत कोंबडी इतक्या जवळून तो आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होता.

"कालपासनं दाणा नाय, पाणी नाय. कोपऱ्यात मान खुपसून बसती नुसती," कुसाबाईंचा आवाज ओला झाला. "अख्ख्या घराला अंडी पुरवणारी कोंबडी हो माझी."

"अगं, त्यांना कशाला सांगत बसतीस?" समोरच्या खाटेवरून सासरे सहादू म्हणाले. "हात लावल्याबरोबर कळंल त्यांना. डॉक्टर हायेत ते."

धनराज डॉक्टर नव्हता. नाशिकला अंबडमध्ये कोंबडीखाद्याच्या एका कंपनीत तो बिलं करायचा. कोंबडीशी त्याचा संबंध होता तो गोणीवरच्या चित्रापुरता. लग्न जमवताना त्याच्या चुलत्याने सांगितलं होतं, "मुलगा पोल्ट्रीच्या कंपनीत आहे, डॉक्टर लोकांत ऊठबस असते." ही गोष्ट निफाडच्या अलीकडच्या या गावात पोचेपर्यंत ऊठबस वाटेतच गळून पडली आणि डॉक्टर तेवढा शिल्लक राहिला. साखरपुड्यात कुणीतरी 'डॉक्टरसाहेब' अशी हाक मारली, तेव्हा धनराज नुसता हसला. तिथेच सगळं बिघडलं. तृप्तीला खरं काय ते लग्नानंतर कळलं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या आईबापाला तुमच्या तोंडानं सांगा. मी सांगणार नाही." सांगायचं म्हणून तो प्रत्येक वेळी सासरी यायचा आणि जावयाचा पाहुणचार झोडून परत जायचा.

आत्ताही तृप्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं, मग छताकडे.

धनराजने कोंबडीचा पाय दोन बोटांत धरला. नाडी कुठे असते ते त्याला ठाऊक नव्हतं, पण सहादू बघत होते. मग त्याने पंखाखाली हात घातला.

"ताप आहे," तो म्हणाला.

"बघा! पंखाखाली हात घातला की लागलीच!" सहादूंनी मांडीवर थाप मारली.

"कोंबडी कायमच गरम असते," असं पुटपुटत तृप्ती आत निघून गेली.

एवढ्यात शेजारच्या लताबाई आल्या. कोंबडीचा तुरा काळवंडलेला पाहून त्या म्हणाल्या, "कुसाबाई, निफाडच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावा की. माझी शेळी त्यांनीच वाचवली."

"घरात डॉक्टर बसलेला असताना?" कुसाबाई दुखावल्या. "लोक काय म्हणतील आमच्या जावयाला?"

धनराजने हातातली बशी खाली ठेवली. आपण तोंड उघडलं नाही, तर ही कोंबडी आपल्या अब्रूपायी मरणार, हे त्याला लख्ख दिसलं. पण तोंड काही उघडेना. "एक फोन करून येतो," म्हणत तो उठला आणि गोठ्याच्या मागे गेला.

कंपनीत एक खरे डॉक्टर होते. त्यांची प्रवासाची बिलं धनराज मंजूर करून आणायचा, त्या ओळखीवर त्याने फोन लावला.

"सर, एक केस होती."

"किती पक्षी?"

"एक."

"एक हजार?"

"एकच, सर."

"बरं. लेअर की ब्रॉयलर?"

"तांबडी."

"मरतूक किती?"

धनराज हिशोबाचा माणूस. त्याने प्रामाणिकपणे गणित केलं. "अजून तरी काही नाही, सर. पण मेली तर मरतूक शंभर टक्के."

"तू अकाउंटमधला धनराज ना? रविवारी सकाळी दुसरं कुणी नाही सापडलं का तुला?" आणि फोन बंद झाला.

गोठ्याच्या भिंतीपलीकडे चिमाजी दात घासत होता. त्याच्या कानावर पडलं ते एवढंच: 'मरतूक शंभर टक्के'. गावात चिमाजीच्या दीडशे गावरान कोंबड्या होत्या. तो तोंडातला फेस न पुसताच पळत सुटला.

अर्ध्या तासात अंगणात सगळी आळी जमली. बायांनी तोंडाला पदर लावले होते. गोजराबाई आपल्या तीन कोंबड्या टोपलीखाली झाकून वर स्वतः बसूनच आली असती, पण तसं बसून चालता येत नसल्याने टोपली सुनेच्या डोक्यावर देऊन आली होती. चिमाजीच्या हातात फावडं होतं.

"सहादूअण्णा, रोग आलाय," चिमाजी म्हणाला. "तुमच्याच डॉक्टर जावयानं सांगितलं. मी या कानानं ऐकलं. खड्डा घ्या आणि ही कोंबडी पुरून टाका. हिच्याबरोबरच्या बाकीच्या बारा पण."

"माझ्या कोंबड्यांना हात लावून तर बघ!" कुसाबाईंनी तांबडीला पदराखाली घेतलं. तांबडीने एक डोळा उघडला आणि परत मिटला. तिची मान आता पार कलली होती.

"मामी, आम्ही नाय म्हणत. डॉक्टर म्हणाले," कुणीतरी मागून बोललं. "डॉक्टरांनाच विचारा. रोग हाय का नाय?"

सगळ्या माना धनराजकडे वळल्या. सहादूंनी टोपी सारखी केली आणि छाती काढून म्हणाले, "बोला जावईबापू. तुमचा शब्द अख्ख्या गावाला मान्य."

'नाही' म्हणणं सोपं होतं. पण खरोखरच रोग असला तर? 'आहे' म्हटलं, तर तेरा जीव खड्ड्यात. धनराजला दोन्हींतलं काहीच माहीत नव्हतं, आणि गाव त्याच्या तोंडाकडे डोळे लावून बसलं होतं. त्याने दाराकडे पाहिलं. तृप्ती या वेळी छताकडे बघत नव्हती.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी डॉक्टर नाही. मी बिलं करतो."

कुणाला नीट ऐकू गेलं नाही. "काय करतात?" गोजराबाईने सुनेला विचारलं.

"बिलं!" धनराज ओरडला. "खाद्याची बिलं! कोंबडीचा पाय मी आज पहिल्यांदा धरला. ताप बघता येत नाही मला. फोनवर मी चुकीचं बोललो. मामी, निफाडच्या डॉक्टरांना बोलवा, लगेच बोलवा. माझ्यामुळं सकाळ वाया गेली."

चिमाजीने फावडं खाली टेकवलं. मग गर्दीतून एक हसू फुटलं आणि बघता बघता पसरत गेलं. सहादू मात्र हसले नाहीत. ते उठले, खाटेवरची घोंगडी विनाकारण झटकली आणि आत गेले. जाताना त्यांनी जावयाकडे पाहिलंसुद्धा नाही. जमीन दुभंगावी असं धनराजला वाटलं, पण अंगण शेणाने चांगलं घट्ट सारवलेलं होतं.

लताबाईंनी फोन लावला. तासाभरात डॉक्टर हर्षाली स्कूटीवरून आल्या. त्यांनी तांबडीला उचललं, गळ्याखाली बोटांनी चाचपलं आणि म्हणाल्या, "साथ-बिथ काही नाही हो. दाण्याची पिशवी तुंबलीय, दगडासारखी झालीय. कापून काढावं लागेल. उशीर झालाय जरा. कुणीतरी घट्ट धरा हिला."

कुसाबाईंना धरायचा धीर होईना. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि धनराजकडे वळून पहिल्यांदाच 'जावईबापू' न लावता म्हणाल्या, "डॉक्टर नाय, तर नाय. धरता तर येतंय ना? धरा."

धनराज मांडी घालून बसला. त्याने तांबडीला दोन्ही हातांत धरलं आणि डोळे गच्च मिटून घेतले. सुई टोचली तशी तांबडीने त्याच्या नव्या पँटवर मनसोक्त घाण केली. तो हलला नाही. त्याच्या पंज्याखाली तिचं काळीज इतकं भरभर उडत होतं, की आपण हिच्याशी सकाळपासून काय खेळ मांडला होता, या विचाराने त्याला रडू यायला लागलं. डोळे उघडले तेव्हा हर्षालीताईंच्या चिमट्यात द्राक्षाच्या वेली बांधायच्या सुतळीचा भला मोठा गुंता होता. दोन टाके पडले.

"पातळ कण्या भरवा आणि आठ दिवस कोंडून ठेवा. जगेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग धनराजकडे बघून, "तुम्ही चांगलं धरलंत हो. पोल्ट्रीत असता का?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. धनराजने मान खाली घातली.

दिवसभर तो ओसरीच्या टोकाला पाटीखालच्या तांबडीपाशी बसून राहिला. चमच्याने कण्या भरवत होता. दर खेपेला अर्ध्या कण्या त्याच्या बाहीवर सांडायच्या. तृप्तीने चहा आणून ठेवला आणि तीही शेजारी टेकली. कुसाबाई दोनदा येऊन कोंबडीला बघून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "चमचा आडवा धरा, सांडणार नाय." सहादू मात्र तिन्हीसांजेपर्यंत बाहेर आलेच नाहीत. बाहेर आले ते थेट खाटेवर जाऊन बसले. मग त्यांचा फोन वाजला.

"बोला, भारतशेठ," सहादू म्हणाले. भारतशेठ म्हणजे पिंपळगाव बसवंतचे कांद्याचे व्यापारी. त्यांचा आवाज मुळातच मोठा, तो ओसरीभर ऐकू आला. "सहादूअण्णा, तुमचे डॉक्टर जावई आलेत म्हणं? आमच्या साडूच्या शेडमध्ये पक्षी सुस्त पडलेत. उद्या घेऊन येता का त्यांना?"

सहादूंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. त्यांनी धनराजकडे पाहिलं, त्याच्या बाहीवरच्या कण्यांकडे पाहिलं. धनराज वाट बघत राहिला. आता हे सांगतील, आपल्याला पुन्हा लाजावं लागेल, पण एकदाचं संपेल तरी.

"आले असते हो," सहादू खाकरून म्हणाले. "पण आज एक मोठं ऑपरेशन केलं ना त्यांनी. लय थकलेत."

फोन ठेवून त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ तिच्यातला धागा उसवत बसले. सासऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवायची धनराजची तयारी होती. पण सासरे काही केल्या मान वर करीनात.