रायाजीरावांनी चालण्यास मुतालिक नेमिला त्याचे वर्तमान

श्रीधन्वंतरी प्रसन्न. ज्यास खाल्ले अन्न पचते आणि अंथरुणास पाठ टेकताच झोप लागते, त्या भाग्यवंतास प्रथम नमन करून हे वर्तमान लिहावयास घेतले असे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, एका राज्यात श्रीमंत सुखाने राज्य करीत होते, आणि सुखास तोटा म्हणून नव्हता. वर जाणे तर लिफ्ट होती, भूक लागली तर मोबाईलवर बोट ठेविताच दुचाकीस्वार पिझ्झा घेऊन दाराशी हजर होई, दरबार सोफ्यावर भरे आणि सोफ्यावरच बरखास्त होई, आणि रात्री तमाम सरदार मोबाईल तोंडापुढे धरून पहाट होईतो जागत, जणू शत्रू वेशीशी आला आहे. या राज्याची एक जुनी रीत होती ती ऐसी की, मानाच्या माणसाने आपले काम आपण करू नये, त्यास मुतालिक नेमावा, आणि मुतालिकाने धन्याची अंगठी घालून जे केले ते धन्यानेच केले ऐसे समजावे. या रितीने वसुली होत असे, लग्नात अक्षता पडत असत, आणि कोणाचे काही अडले नव्हते.

त्या राज्यात सरदार रायाजीराव म्हणून थोर मनुष्य होते. वय शेहेचाळीस, पोट भारदस्त, आणि लिफ्ट बंद पडली तर एक जिना चढता जीव कंठाशी येत असे. त्यांचे वडील नव्वदी ओलांडून गेले, ते अखेरपर्यंत विहिरीचे पाणी स्वतः ओढीत असत. रायाजीरावांनी वडिलांची विहीर बुजवून तिजवर गाडी उभी करावयास जागा केली आणि वडिलांचे आयुष्य मात्र वारसाहक्काने आपणास मिळणार ऐसे धरून चालले. "दीर्घायुष्य हे आमचे घराण्याचे वतन आहे," ऐसे ते चारचौघांत सांगत आणि वर समोसा घेत. त्यांस उशिरा झालेली एकुलती लेक होती, नाव सगुणा, वय सात, आणि तिजवर त्यांचा जीव किती होता ते लिहिता येत नाही.

मग एके दिवशी दरबारातून उठता त्यांस भोवळ आली, आणि बापूभट वैद्य येऊन रक्त तपासते जाहले. साखर वाढली होती, रक्तदाब वाढला होता. बापूभट फटकळ मनुष्य. ते म्हणाले, "सरदार, रोज पहाटे चाला, दिवेलागणीला जेवण उरका, आणि तो मोबाईल उशाशी घेऊन निजू नका. असंच चाललं तर लेकीच्या लग्नाच्या अक्षता काही आपल्या हाती यायच्या नाहीत." हे ऐकून रायाजीराव बहुत घाबरले, आणि कारभारी गंगाधरपंतांस बोलावून मसलत केली. पंत हसून म्हणाले, "एवढंच ना? चालायला मुतालिक नेमू."

मग तुळाजी नामे कारकून नेमिला. तोही खुर्चीत बसून बसून उशीसारखा मऊ झालेला, परंतु हुकूम तो हुकूम. तो धन्याची अंगठी घालून पहाटे चालू लागला, धन्याच्या नावे दिवेलागणीस भाकरी आणि पालेभाजी खाऊ लागला, आणि धन्याच्या वतीने लवकर निजू लागला. रायाजीराव सोफ्यावर पडून मोबाईलवर त्याचे चालणे पाहात, आणि पाहता पाहता दमून, "आज फार चालणं झालं," म्हणून एक पिझ्झा जास्त मागवीत. ही युक्ती तमाम सरदारांस इतकी पसंत पडली की प्रत्येकाने एकेक मुतालिक चालावयास धाडिला, आणि श्रीमंतांनी, श्रीमंत म्हणून, दोन धाडिले. पुढे बापूभटांनी रक्त पुन्हा तपासले तो साखर आणखी चढलेली. गंगाधरपंतांनी निवाडा केला की मुतालिक कामात कुचराई करीत आहे, सबब त्याने आजपासून धावावे. बापूभट कपाळ धरून बसले, आणि तुळाजी धावू लागला.

इतक्यात चैत्री पौर्णिमा आली. त्या राज्यात ऐसा नेम होता की, लेकीस आठवे वर्ष लागले म्हणजे बापाने तिचा हात धरून देवीच्या डोंगरावर न्यावे आणि देवीपुढे तिचे नाव सांगावे. अलीकडे हेही मुतालिकच करीत. परंतु रायाजीराव म्हणाले, "हिला मी नेणार," आणि दरबार चकित जाहला. स्वारी पायथ्याहून निघाली, आणि पहिल्या वळणासही न पोहोचता रायाजीराव घामाने भिजून दगडावर बसले, आणि छातीवर कोणी जाते ठेविले ऐसे वाटून बोलवेना. तुळाजी आता काटक झाला होता, त्यास धापही लागली नव्हती. तो हात जोडून म्हणाला, "धनी, पोरीला मी नेतो. अंगठी हाये माझ्यापाशी." तेव्हा सगुणा बापाकडे पाहून म्हणाली, "नको. आबासाहेब, तुम्ही बसा. मी एकटी जाते आणि देवीला सांगते, आबासाहेबांच्या वतीने आलेय."

हे शब्द रायाजीरावांच्या काळजात रुतले. आपण असेच बसून राहणार, आणि ही पोर जन्मभर आपल्या वतीने एकटीच चालणार, हे त्यांस त्या दगडावर बसून स्वच्छ दिसले, आणि चारचौघांत त्यांच्या डोळ्यांस पाणी आले. ते म्हणाले, "मलाही यायचंय गं तुझ्याबरोबर."

"मग या की."

"पाय उचलत नाहीत, बाळ."

"तुळाजीकाकांचे तरी कुठं उचलत होते?"

त्या दिवशी कोणीच वर गेले नाही. नाव पुढल्या चैत्री सांगावे ऐसे ठरवून बाप-लेक खाली आली, आणि घरी येताच रायाजीरावांनी तुळाजीकडून अंगठी मागून घेतली. दरबारात गहजब जाहला. सरदार आपल्या पायांनी चालतो, हा घराण्यास बट्टा, म्हणून श्रीमंतांनी त्यांचा मानाचा सोफा काढून घेतला, आणि रायाजीराव उभे राहू लागले. ते नेटाने सर्व पाळीत होते ऐसे मात्र लिहिता येत नाही. श्रावणात न्हाणीघरात लपून वडापाव खाताना बायको भागूबाईंनी त्यांस पकडिले. त्या म्हणाल्या, "खायचा तर अंगणात येऊन खा, लेकीसमोर," आणि सरदारांनी वडापाव मुकाट खाली ठेविला. पहाटे तुळाजी सोबत चाले, जुनी सवय सुटत नव्हती म्हणून. पुढल्या चैत्री रायाजीराव जागोजागी बसत, शिव्या देत, लेकीचा हात न सोडता माथ्यावर पोहोचले, आणि देवीपुढे "सगुणा" इतकेच बोलून ढसाढसा रडले.

परंतु बापूभटांनी आधीच सांगितले होते की, जे झिजले ते भरून येत नाही, झिजणे तेवढे मंदावते. तैसेच जाहले. रायाजीराव पुढे अकरा वर्षे राहिले, लेकीचे लग्न पाहिले, अक्षता आपल्या हाताने टाकिल्या, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. वडिलांची नव्वदी त्यांस लाभली नाही. तेव्हा गंगाधरपंत दरबारच्या रितीप्रमाणे सगुणाबाईंकडे आले आणि म्हणाले, "बाईसाहेब, दुःखाला मुतालिक नेमतो. आपण आत जाऊन पडा." सगुणाबाई म्हणाल्या, "पंत, त्या डोंगरावर माझा बाप माझ्यासाठी स्वतः चढला. रडायचं ते माझं मी रडेन."

येणेप्रमाणे घडले ते लिहिले. रायाजीरावांच्या बरोबरीचे बहुतेक सरदार त्यांच्या आधीच सोफ्यावर गेले. त्यांचे मुतालिक अद्याप धडधाकट असून रोज पहाटे धन्यांच्या नावे चालतात, कारण हुकूम रद्द करावयास धनी उरले नाहीत.