परब भावोजींची होडी काही पोचेना

ऐन मे महिना. आखातातल्या आमच्या अल कुसैसमध्ये दाराची कडीसुद्धा हात भाजते, आणि समोरच्या फ्लॅटमधले परब भावोजी गळ्याला मफलर गुंडाळून दारात उभे! मला वाटलं ताप आला. तर म्हणाले, "वहिनी, गोष्टीत बर्फ पडताहा."

भावोजी मालवणचे. नोकरी जबल अलीच्या गोदामात, बायको-मुलगी गावाला. कॅनडाला परत गेलेल्या कुणा साहेबाने टाकून दिलेलं मुलांचं एक पुस्तक त्यांच्या हाती लागलं होतं. दोनशे वर्षांपूर्वी झाडाच्या सालीच्या होड्यांत जनावरांची केसाळ कातडी भरून नद्या पार करणाऱ्या वल्हेकऱ्यांची गोष्ट. शेवटची पानं गळलेली. दर शुक्रवारी दुपारी आमच्या फोनवरून ते ती लेकीला, त्यांच्या 'बाय'ला, सांगत, आणि पानं संपल्यावर मनाने पुढे रेटत.

कॅनडा कधीच मालवणात शिरला होता. होडी हाकायला तांडेल आला, न्याहारीला पेज नि सुकट आली. मी म्हटलं, अहो, तिकडे सुकट कुठली? तर चिडले. "पोटात पेज नाय तर वल्ही कशी मारतले?"

धबधबा आला की ती माणसं होडी डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत डोंगर चढत. असं गाता येतं का, हे बघायला भावोजींनी आमचा सोफाच उचलला. मागचं टोक आमच्या ह्यांच्या डोक्यावर. दोघं आरत्या म्हणत जिना उतरले! पठाण वॉचमनला वाटलं आम्ही घर सोडतोय. संध्याकाळी तो नवा भाडेकरू घेऊन हजर. माझी मुलगी "सो एम्बॅरसिंग" म्हणत खोलीत जाऊन बसली.

दोन वर्षं झाली तरी ती होडी पोचेना. किनारा दिसला की वादळ, वादळ सरलं की अस्वल. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, भावोजी, पोचवा हो त्यांना एकदाचे.

"पोचली तर बाय फोनवर कित्याक येतली?" ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत लेक आईच्या आड लपली, भावोजींना 'काका' म्हणाली. फोनवर तर यायचीच नाही. गोष्ट सुरू झाल्यापासून धावत येते. तरी म्हटलं, एकदा पोचवून तर बघा.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी होडी किनाऱ्याला लावली. "झाली गो बाय गोष्ट. खलास," म्हणाले, आणि आता बायको फोन घेईल म्हणून डोळे मिटून बसले.

पण फोन लेकीकडेच राहिला. भावोजींचं आपलं "हां... हां... मगे?" चाललेलं. मी ठेवलेला चहा निवून गेला. फोन ठेवला तेव्हा डोळे भरलेले.

"बायन मांजर पाळलाहा, वहिनी. माका म्हायतच नाय," म्हणाले. "त्याचा नाव इचारूक विसारलंय."

आणि शुक्रवार यायला अजून अख्खा आठवडा होता.